हैदराबादची उसळ

सन एकोणीसशे शहाण्णव. माझं वय तेव्हा अडुसष्ट. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते आणि मी उदगीरच्या स्टँडवर हैदराबादच्या गाडीची वाट बघत उभा होतो. बाकावर जागा होती, पण बसून वाट बघणं हे म्हाताऱ्यांचं काम. शिवाय मी निघालो होतो एक लग्न मोडायला. तसल्या कामाला माणसानं ताठ उभं राहूनच जावं.

लग्न माझ्या नातीचं. नाव मनीषा, घरात मनी. माझा थोरला वसंत आठ वर्षांपूर्वी औषधाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून बायकोपोरीला घेऊन हैदराबादला गेला. दिवाळीला येऊन जाऊन होता. पण यंदा तो आला नाही, त्याचं पत्र आलं. मनीनं एक मुलगा पसंत केलाय, घरमालकिणीचा नातू आहे, तेलुगू आहे, मनीच्याच कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. खाली मनीच्या हातच्या दोन ओळी होत्या. 'आबा तूम्ही या. तूम्ही हो म्हणल्याशीवाय मी काहि करणार नाही.' पोरीची पुढची शाळा परमुलखात झाली, लिहायचं मराठी आता असं लंगडत येतं. चुका मी मोजल्या नाहीत. सगळ्या मला तरी सापडल्या असत्या का, कोण जाणे. निझामाच्या राज्यात मी दोन यत्ता शिकलो, त्याही उर्दूत. मराठी मी नंतर गुळाच्या पुडीच्या कागदावर शिकलो.

पत्र आलं त्या दिवशी किसन न्हाव्याच्या खुर्चीत, अर्ध्या गालाला साबण असताना, मी चारचौघांत सांगून टाकलं, "जातो आणि मोडून येतो." गावात माझ्या शब्दाला किंमत आहे. म्हणजे मी तरी असं समजत आलोय.

मोडायचं कारण विचाराल, तर मुलाला कधी बघितलं नव्हतं, त्यामुळं त्याच्यात खोट असायचा प्रश्न नव्हता. पण ज्या घरात माझं बोलणं कुणाला कळणार नाही आणि त्यांचं मला, त्या घरात मुलगी द्यायची कशी? उद्या काही कमीजास्त झालं तर व्याह्याशी भांडायचं कुठल्या भाषेत?

गाडी सुटली. बिदर गेलं, जहिराबाद गेलं, आणि पुढं ते दगड सुरू झाले. तुम्ही बघितले नसतील म्हणून सांगतो. माळावर घराएवढे गोल धोंडे, एकावर एक, तिसऱ्यावर चौथा. कुणीतरी रचायला घेतलं आणि जेवायला म्हणून गेलं ते परत आलंच नाही, असं वाटतं. शेजारच्या माणसाला म्हणालो, "इथं पेरतात काय?" तो म्हणाला, "प्लॉट." वर्ष-दोन वर्षांत दगडाला भाव आला होता म्हणे. आमच्याकडं काळ्या रानाला नाही तो.

शहर लागल्यावर मी पाट्या वाचायला सुरुवात केली. उर्दू येत असल्याचा एवढाच उपयोग उरला होता. पण दोन यत्तांचं उर्दू आणि एसटीचा वेग यांचं जमेना. मी 'द'पर्यंत यायचो तोवर दुकान मागं जायचं. पाट्याही नव्याच. एका कोपऱ्यावर तीन तीन एसटीडीची दुकानं, गच्च्यांवरून टीव्हीच्या वायरी, आणि बाटलीतलं काळं पाणी पिणारी हसरी पोरं भिंतीभर रंगवलेली. एवढं हसण्यासारखं त्या पाण्यात काय असतं, ते मी वसंताकडं पिऊन बघितलं. नाकातून वारा येतो, बस.

वसंत मला घ्यायला येणार होता. त्याची वाट न बघता मी रिक्षा केली. हैदराबाद मला नवं नव्हतं. सत्तेचाळीस सालच्या आधी एकदा वडलांबरोबर बैल घ्यायला आलो होतो. रिक्षावाल्याला म्हणालो, "मलकपेठ. घोड़े दौड़ते वहाँ." त्यानं मला नेमकं रेसकोर्सच्या फाटकात उतरवलं. तिथल्या पहारेकऱ्यानं माझं धोतर, पटका आणि पिशवी बघून विचारलं, "घोड़ा किधर है?" मी पायीच पुढं निघालो. वसंत तासाभरानं मला शोधत आला तेव्हा मी एका इराण्याकडं चहा पीत बसलो होतो. त्याला सांगितलं, मुद्दामच इथं थांबलो.

वसंताचं घर म्हणजे मागच्या अंगणातल्या दोन खोल्या. पुढच्या अंगाला घरमालकीण नरसम्मा. माझ्याच वयाची बाई, काळी, काटक, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. नवरा नाही. मुलगा-सून नलगोंड्याकडं शेती करतात, आणि नातू सीनू तिच्याजवळ राहतो. घरात चालतो तो शब्द नरसम्माचा, हे मला पहिल्या घटकेत कळलं. तसली माणसं मी लांबून ओळखतो.

मधल्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलो होतो, तर ती आली आणि समोर पायरीवर बसली.

"आव पटेलसाब," ती म्हणाली. (त्यांच्याकडं पाटलाला पटेल म्हणतात. मी पाटील नाही. पण दुरुस्त करणं बरं दिसलं नसतं.) "चाय पीते?"

"नको."

"कैकू नक्को?"

आणि मी तिथंच फसलो. बाई तेलुगू, पण तोंडात दखनी, आणि दखनीत आमचाच 'नको'. भाषेचं जे कारण उदगीरहून एवढं सांभाळून आणलं होतं, ते पहिल्याच वाक्यात गेलं. आता दुसरं शोधणं आलं.

दुसरं तिनंच आणून दिलं. म्हणाली, "उसिळ्ळु खाते क्या आप?"

आता तुम्हीच सांगा, आपल्यापैकी कुणाच्या कानाला काय ऐकू आलं असतं? मला उसळ ऐकू आलं. पुढचा 'लु' तेलुगू लोक सगळ्यालाच लावतात. रेल्वेला ते रैलु म्हणतात, हे मला माहीत होतं. विद्वान माणसाचा घात असा माहितीमुळंच होतो.

"खाता क्या पूछते?" मी म्हणालो. "रोज खाता. बचपन से."

"रोज?" तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "हमारे पास तो साल में एक बार आते. सुखा के रखते."

मला कीव आली. मटकी वर्षातून एकदा मिळते म्हणजे काय मुलूख. "सुखा के ही रखना पड़ता," मी तिला शिकवलं.

"साफ करने को बहुत वक्त लगता."

"हौ. हमारे घर की औरतां सूप लेके बैठते."

"हमारे भी सूपीच लेते," ती खुशीत येऊन म्हणाली. असं आमचं एकमेकांशी पटत गेलं.

तेव्हाच मला ती युक्ती सुचली. हे लोक चिंचेशिवाय पाणी पीत नाहीत असं मी ऐकून होतो. ही उसळ करणार, ती आंबट होणार, मी एक घास खाऊन वाटी सरकवणार, आणि भांडण न करता, कुणाच्या जातीपातीला शब्द न लावता मोकळा होणार. म्हणून मी छाती पुढं काढून म्हणालो, "सुनो अम्मा. जिस घर की उसळ मेरे को पसंद आई, उस घर में नातीन दे डालता. आँख मिटके."

नरसम्मा माझ्याकडं बघत राहिली. "पक्का?"

"मर्द की ज़बान है."

"तो कल दोपहर को आव. सब लोगां आव."

मनी मागं दारात उभी होती. नुकतीच कचेरीतून आलेली, खांद्याला पर्स तशीच. तिनं सगळं ऐकलं. पर्स सावरून आत निघून गेली. मला वाटलं, पोरगी आजोबाची हुशारी ओळखून घाबरली.

दुसरा दिवस रविवार होता. नरसम्माच्या पुढच्या खोलीत चटया टाकल्या होत्या. मी, वसंत, सून सुनंदा, मनी, आणि वाढायला सीनू. सीनू उंच, मिशी नुकती ठरलेली. त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि तोंडपाठ केलेलं मराठी बोलला, "आबा, तुमी कसा आहे?" मी म्हणालो, "मी बरी आहे." तो आनंदानं मान हलवत राहिला. मनीनं पदरात तोंड लपवलं.

भात आला, पप्पू (त्यांचं घट्ट वरण) आलं, जीभ सोलून काढणारी चटणी आली. मग नरसम्मा स्वतः पितळी परात घेऊन आली आणि माझ्या ताटात दोन मुठी उसळ वाढली.

इथं एक सांगायला पाहिजे. वसंतानं मला मागच्या वर्षी चष्मा करून दिला होता. तो माझ्या खिशात होता. चष्मा खिशातच शोभतो.

तर मला जे दिसलं ते असं: तपकिरी, बारीक, लांबट दाणा, त्यात मुरमुरे, शेंगदाणे, तळलेला लसूण आणि लाल तिखट. घास घेतला. आंबट नव्हतं. कुरकुरीत होतं. आधी मीठ-तिखट लागायचं आणि मागून तुपात भाजलेल्या तिळासारखी चव सुटायची. मी दुसरा घास घेतला, खोट काढायला. तिसरा घेतला, दुसऱ्यात सापडली नाही म्हणून. ताट रिकामं झालं. नरसम्मानं न विचारता पुन्हा वाढलं आणि मी न विचारता पुन्हा खाल्लं.

बाकीचे जेवायचे थांबले होते. वसंत भाताचा एकच गोळा मघापासून वळत होता.

"उसळ जरा कोरडी झाली," मी म्हणालो. काहीतरी नाव ठेवायलाच पाहिजे होतं. "रस्सा धरायला पाहिजे होता. पण दाणा चांगला आहे. कोणतं कडधान्य हे?"

वसंतानं भाताचा गोळा ताटात ठेवून दिला. सुनंदा म्हणाली, "मामंजी, पाणी घ्या."

"पाणी मागितलं नाही. कडधान्य विचारलं."

मनीनं मान वर केली. "आबा, कडधान्य नाही ते. वाळवी आहे. पंख फुटलेली वाळवी असते ना, वारुळातून उडते ती. तिला इथं उसिळ्ळु म्हणतात. पंख पाखडून काढतात आणि भाजतात."

मी खिशातून चष्मा काढला. नाकावर ठेवला. ताटात बघितलं.

कडधान्याला पाय होते.

किती होते ते लिहीत नाही. तुमचीही जेवायची वेळ असेल. मी वसंताकडं बघितलं. "तुला माहीत होतं?"

"आबा, आम्ही खातो," तो खाली मान घालून म्हणाला. "इथं आलो त्या वर्षापासून."

मग सुनंदानं सांगितलं. नवीन राहायला आले तेव्हा नरसम्मानं वाटीभर पाठवलं होतं. सुनंदाला आधी वाटलं ओवा घातलेली शेव. कळल्यावर तिनं वाटी अंगणात भिरकावली आणि दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही, कारण त्यानं घरमालकिणीला वाईट वाटू नये म्हणून आपल्या वाटणीचं मुकाट्यानं खाल्लं होतं. तिसऱ्या दिवशी कळलं की चौदा वर्षांची मनी महिनाभर सीनूबरोबर जिन्यात बसून हेच खिसे भरभरून खात होती. "आता मीच मागून आणते," सुनंदा म्हणाली. आठ वर्षं हे तिघं दर दिवाळीला माझ्या पंगतीला येऊन बसायचे, आणि माझी बायको त्यांना विचारायची, परमुलखात लेकरांना नीट खायला मिळतं का.

"आबा, तुम्ही सुकट खाता ना?" मनी म्हणाली. "तिलाही पाय असतात."

"सुकट समुद्रातली असते."

"म्हणून काय पाय धुऊन येते?"

सीनूला काही कळलं नव्हतं, पण परात त्यानं खाली ठेवली होती. नरसम्माला मात्र काहीतरी घोटाळा झाल्याचं कळलं. तिनं मनीला तेलुगूत काहीतरी विचारलं, मनीनं उसळ म्हणजे काय ते सांगितलं, हातानं मोड दाखवले. म्हातारीचा चेहरा उतरला. ती माझ्यासमोर येऊन बसली.

"पटेलसाब, मैं समझी आपके गाँव में भी खाते. आप दूसरा चीज समझके बोले. गलती से बोले सो बात को मैं नई पकड़ती. बात खतम." तिनं माझ्या ताटाकडं हात नेला, ते उचलायला.

"मी काल ऐकलं होतं, आबा," मनी हळूच म्हणाली. "तुम्ही उसळ समजलात ते मला कळलं होतं. सांगितलं नाही. मी फसवलं तुम्हाला."

म्हणजे दार सताड उघडं होतं. म्हातारीनं शब्द परत दिला होता आणि पोरीनं गुन्हा कबूल केला होता. मी एवढंच म्हणायचं होतं, की माझी ऐकण्यात चूक झाली. लग्न मोडलं असतं, मी संध्याकाळच्या गाडीनं गावी, किसनच्या खुर्चीत.

पण अडुसष्ट वर्षांत ते वाक्य मी कधी म्हटलेलं नव्हतं आणि जिभेला ते सापडेना. समोर पोरगी भिंतीकडं बघत बसली होती. चौदा वर्षांची असल्यासारखी. तिनं पत्रात लिहिलं होतं, तुम्ही हो म्हणल्याशिवाय नाही. आणि आता स्वतःच्याच तोंडानं माझ्या हातात 'नाही' ठेवून बसली होती. एवढं खरं बोलायला ती आमच्या घरात कुणाकडून शिकली, देव जाणे. माझ्याकडून नक्की नाही.

मी ताट धरून ठेवलं. "गलती किस की?" मी नरसम्माला म्हणालो. "मेरे को मालूम था."

खोलीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की मला माहीत नव्हतं. वसंतानं तोंड उघडलं, सुनंदानं त्याला कोपर मारलं. नरसम्मानं माझ्याकडं नीट बघितलं, आणि तिच्या दोन्ही चमक्या हलल्या.

"हौ," ती म्हणाली. "पटेलसाब को सब मालूम रहता."

"तो डालो और."

तिसऱ्यांदा मी चष्मा लावून खाल्लं. पाय मोजत. खरं सांगायचं तर चव तीच होती.

हे मी आज पहिल्यांदा लिहून देतोय, की मला माहीत नव्हतं. तोंडानं अजूनही म्हणणार नाही.

हात धुतल्यावर नरसम्मा म्हणाली, "साखरपुडा आपके गाँव में करेंगे. मेरे हाथ का आप खाए. अब आपकी वो उसळ मैं खाती. आपके हाथ की. घर की औरतां के हाथ की नक्को."

"हौ," मी म्हणालो. "रोज का ही काम है."

पुन्हा तेच. माणसाचं तोंड एकदा सैल सुटलं की सुटलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसवताना मनीनं पिशवीत एक डबा ठेवला आणि माझ्या पाया पडली. सीनूनं खिडकीतून सांगितलं, "आबा, परत या, बरी जा." मनीनं सुधारायला तोंड उघडलं, मी तिला खूण केली, राहू दे. उद्या भांडायची वेळ आलीच तर त्याचं मराठी आणि माझं तेलुगू सारखंच असलेलं बरं. दगड उलट्या बाजूनं दिसत गेले. तेच धोंडे, पण आता वाटलं, रचणारा जेवायला गेला नसेल. हे असंच ठेवायचं असं त्यानं ठरवलं असेल आणि पाडणारे आपण कोण. डोळ्यांवर चष्मा होता, हेही सांगून टाकतो.

गावात उतरलो तो किसनच्या दुकानासमोरच. चारचौघं होतेच. "मोडून आलात का?" किसननं विचारलं.

मी डबा उघडला. "हैदराबादचा चिवडा आणलाय, घ्या." जे दोन माळकरी होते त्यांना मी दिलं नाही, तेवढं पाप माझ्याच्यानं होत नाही. बाकीच्यांनी बोटं चाटली. किसननं तर सोसायटीच्या चेअरमनसाठी पुडी बांधून ठेवली. मग मी सांगितलं, "मोडलं नाही. ठरलं. मुलाकडचं खाणंपिणं फार चांगलं आहे." तोंडात घास असल्यामुळं कुणाला वाद घालता आला नाही. त्यांनी काय खाल्लं ते त्यांना हे वाचून कळेल. मला भेटायला यायचं तर माझं घर सगळ्यांना माहीत आहे.

घरी बायको दारात वाट बघत होती. तिनं फक्त एक विचारलं, "पोरगी हसत होती का?" मी म्हणालो, "निघताना हसत होती." ती म्हणाली, "मग जेवायला बसा."

पडल्या पडल्या मी हिशेब लावला, की ज्या उसळीचा मला एवढा अभिमान, ती मी जन्मभर नुसती खाल्ली. कुणी निवडली, कुणी भिजवली, फडक्यात बांधून मोड कुणी आणले, ते मला चष्म्याशिवाय काय, चष्म्यानंही कधी दिसलं नव्हतं. आणि साखरपुड्याला तीन आठवडे उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, आंघोळ केली, चष्मा लावला, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बायकोला विचारलं, मटकी कोणत्या डब्यात असते.